पोटवाला रंधा

समस्त ग्रामस्थ, चाकरमानी, पाहुणे आणि गाडीच्या थांब्यावर उगाच उभी असलेली मंडळी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की, आमच्या वाडीतल्या विनायकच्या पडवीत गेली अकरा वर्षं जे लाकडी धूड पडून होतं, ते तोफेच्या चाकाला लावायचा ठोकळा नाही, शेवयांचा पाट नाही, पालखीचा तुटका खूर नाही, आणि लहान मुलांचा डुलता घोडा तर मुळीच नाही. तो रंधा आहे. सुतार लाकूड गुळगुळीत करायला वापरतो, तो रंधा. या निकालावर अपील नाही. त्याला घोडा म्हणणारा इसम मीच होतो आणि मी माझे शब्द जाहीरपणे मागे घेत आहे.

विनूदादा, ऐकलंस ना? जिंकलास तू.

तू असतास तर कानात काडी फिरवत "बरं" एवढंच म्हणाला असतास. तुझं जिंकणं असंच असायचं, शेजारच्यालाही कळायचं नाही. म्हणून दवंडी मला पिटावी लागते. महिना होऊन गेला तुला जाऊन. लोक दगडी गडग्यावरून विचारतात, "काय रे पक्या, हल्ली गोष्टी बंद काय?" बंद नाहीत. सुरू करतो मी, पण एका ठरावीक जागी आलो की पुढचं वाक्य सापडत नाही. पूर्वी सापडलं नाही की तू द्यायचास.

आठवतं ना, वाडीच्या नाटकात मी राजा आणि तू पडद्यामागे वही घेऊन उकिडवा बसलेला. एका वर्षी मी भर दरबारात बोलायचं विसरलो. तू हळूच सांगितलंस, मला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलंस, तरी नाही. तिसऱ्यांदा तू असा काही ओरडलास की खाडीच्या पलीकडच्या काठावर कुत्री भुंकली, आणि प्रेक्षकांनी टाळ्या तुला दिल्या. त्या टाळ्यांचं मला अजून वाईट वाटतं. मुकुट माझ्या डोक्यावर होता.

आबांची पेटी माळ्यावरून काढली त्या दिवशी आपण दोघंही होतो. आबा म्हणजे आपले आजोबा, होड्या बांधणारे. ते गेले तेव्हा माझे आणि तुझे वडील चड्डीत होते. पुढे दोघंही बोटीवर नोकरीला लागले आणि घरात कुणी सुतारकी शिकलंच नाही. पेटीतली करवत ओळखू आली, पटाशा ओळखू आल्या, लाकूड तासायचा वाकस वहिनीनेसुद्धा ओळखला. शेवटी तळाशी हे धूड. अडीच फूट लांब, मांडीएवढं जाड, काजळीने आणि कसल्याशा चिकट तेलाने काळंकुट्ट. मधे एक खाच, खाचेत गंजून बसलेलं लोखंड. मागच्या बाजूला धरायला शिंगासारखी मूठ. खालचा भाग सपाट असायला हवा, तर तो होडीच्या तळासारखा फुगीर. आणि पुढच्या टोकाला, या कुशीतून त्या कुशीत जाणारं, अंगठा जाईल एवढं आरपार भोक.

तू एकदा हात फिरवलास आणि म्हणालास, "रंधा आहे."

मी म्हटलं, "रंध्याला पोट असतं का? पोट सुताराला असतं."

"लोखंड आहे ना आत."

"आणि भोक?"

"भोक उगाच कोण पाडत नाही."

"खुंटीला अडकवायला पाडलंय."

"एवढं जड कोण खुंटीला अडकवतं? भिंत येईल खाली."

हे आपलं भांडण. अकरा वर्षं चाललं आणि एक पाऊल पुढे सरकलं नाही. मी तुझ्या अंगणात पाय टाकला की वहिनी आत पडवीकडे तोंड करून सांगायची, "अहो, भावोजी आले," आणि तुझा आवाज यायचा, "भोकाबद्दल बोलणार असेल तर चहा देऊ नको." चहा मिळायचाच. भोकाबद्दलही बोलायचोच.

तू त्याला बरं करायला घेतलंस ते सगळं मी खुर्चीत बसून पाहिलं आहे, मदत काडीची केली नाही. पातं पाचर मारून बसवलेलं होतं आणि पाचर लाकडाशी एकजीव झाली होती. मी म्हटलं, घाल हातोडा. तू रोज सकाळी दात घासून झाले की उंडीच्या तेलाचा एक थेंब त्या फटीत सोडायचास. एकच. होड्यांना लावायचं तेच तेल, अख्ख्या पडवीला त्याचा वास. तीन महिने. मग एक दिवस पाचर तुझ्या बोटांत आपसूक आली, लहान मुलाचा हलणारा दात हातात यावा तशी. तू ती मला दाखवायला गडगे ओलांडून आलास. मी तेव्हा पाहुण्यांत बसलो होतो. "वा वा," म्हटलं आणि पुढचं बोलू लागलो.

पात्याचा गंज उतरवायला पावसाळा गेला. धार लावायला तू वेगळा दगड आणलास. काजळीखालचं लाकूड निघालं ते खैराचं, तांबूस. आणि मुठीवर एक खळगा निघाला, उजव्या हाताचा तळवा बसेल असा. आबांच्या तळव्याने पडलेला. तू मला त्यात हात ठेवायला लावलास. माझा हात त्यात पोरका वाटला, तुझा बरोबर बसला. मी लगेच विनोद केला, काय ते आता आठवत नाही.

पण रंधा चालेना. फळी बांधून तू तो पुढे रेटायचास आणि तो बैलासारखा बसायचा. पातं कमी काढलंस, बसला. जास्त काढलंस, आणखी बसला. एकदा तर फळीच उठून तुझ्या पोटात लागली. मी खुर्चीतून निकाल दिला, "रंधा असता तर रंधला असता. घोडा आहे तो, म्हणून अडतो."

आणि मग मी ती गोष्ट केली.

खरं सांगतो, चांगली झाली होती. आधी मुख्याध्यापक येतात आणि तोफेचा ठोकळा म्हणून अर्धा तास इतिहास सांगतात. मग शेजारच्या काकू शेवयांचा पाट म्हणून पीठ मळूनच आणतात. गणपतीपुळ्याला उतरलेलं एक जोडपं त्याचा दिवा करू म्हणतं. शेवटी विनूदादा स्वतः, एक पाय फळीवर, घोड्याला "हो हो, चल राजा" करत. तुझा रेटायचा आवेश मी हुबेहूब करायचो. बारशाला केली, पूजेला केली, तुझ्या मुलीच्या लग्नात तुझ्याच व्याह्यांसमोर केली. तू सगळ्यांत जास्त हसलास. फक्त हात धुताना नळापाशी मला म्हणालास, "पक्या, गोष्ट छान आहे. पण वस्तू खरी आहे हां."

मी त्याचाही पुढच्या वेळी गोष्टीत उपयोग केला.

आता फोन. मी कधीतरी या गोष्टीवर येणार हे तुला माहीत असेल, आणि मी किती वेळ टाळली हेही.

मंगळवारी, साडेदहाच्या सुमाराला. मी देवळाच्या सभामंडपात होतो. देवरूखहून आलेली चार माणसं, दोन आपली, आणि मी. फोन वाजला.

"पक्या, ये जरा. एक हात हवाय."

"कसला हात? फणस उतरवायचाय का?"

"ये तर. मग सांगतो."

"दादा, माझे दोन्ही हात अडकलेत. रविवारी येतो निवांत."

"बरं," म्हणालास. फोन ठेवलास. मोबाईलमध्ये अजून दिसतं, एक मिनिटसुद्धा झालं नव्हतं. आणि माझे दोन्ही हात कशात अडकले होते सांगू? मी हवेत रंधा रेटत होतो. देवरूखच्या लोकांना तुझीच गोष्ट सांगत होतो. "हो हो, चल राजा" पर्यंत आलो होतो. फोन ठेवून मी हसलो आणि म्हणालो, "बघा, घोड्याच्या मालकाचाच फोन." माणसं पोट धरून हसली. देऊळ ते तुझी पडवी, मधे चार गडगे आहेत.

गुरुवारी दुपारी तू अचानक गेलास.

वहिनीने मला काही विचारलं नाही. दहाव्याला फक्त एवढं म्हणाली, "तुम्हाला फोन केलेला ना त्यांनी? मंगळवारी तीनदा विचारलं मला. पक्या आला का. मी म्हटलं, नाही अजून. बुधवारीपण विचारलं." एवढं बोलून ती पानं वाढायला गेली.

कसला हात हवा होता, दादा? मी वाडीभर विचारलं. कुणी म्हणालं, टाकी हलवायची असेल. कुणी म्हणालं, पत्र्यावरचे माडाचे झाप काढायचे असतील. बोलायचं असेल काही मनातलं, असंही एक जण म्हणाला, आणि त्याच्यावर मी उगाच चिडलो. तुला दुखत होतं का? तेव्हाच दुखत होतं आणि तू आधाराला हात म्हणालास का? हा विचार आला की मी जिथे असेन तिथून उठून चालू लागतो. पोस्टाच्या रांगेतून असा दोनदा उठून गेलोय.

आणि तो आवाज. तेराव्यानंतर रोज दुपारी जेवून आडवा झालो की तुझ्या घराच्या बाजूने सर्र असा आवाज यायचा. थांबायचा. पुन्हा सर्र. बायकोला म्हटलं, ऐक. ती म्हणाली, "झाप घासतोय पत्र्याला. वारा आहे." असेल. मी अंगणात जाऊन बघितलं, तेव्हा माडाचं पान हलत नव्हतं. माझ्यासारख्या माणसाने यावर एक झकास भुताची गोष्ट करायला हवी होती. मी आत येऊन खिडकी लावली.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी वहिनीने निरोप दिला, "ते धूड घेऊन जा. मला बघवत नाही."

गेलो. अंगणात पाय टाकला. वहिनी दारातच होती, आत तोंड वळवून बोलायला म्हणून तिचे ओठ उघडले आणि मिटले. मी चपला काढण्यात फार वेळ लावला.

पडवीत तुझ्या जुन्या लुंगीखाली तो होता. लुंगी काढली आणि मी बघतच राहिलो. एवढा देखणा तो कधी नव्हता. खैर चमकत होता, पातं माशाच्या पोटासारखं पांढरं. आणि त्या भोकातून नवाकोरा सुंभ ओवलेला. दोन्ही टोकं पुढे आणून एका वीतभर बांबूला पक्की बांधलेली.

वहिनी म्हणाली, "शनिवारी आणला सुंभ. मी विचारलं कशाला, तर म्हणाले विहिरीला. विहिरीला पंप आहे आपल्या."

दादा, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. मला वाटलं, तू हरलास. शेवटी खुंटीला अडकवायला दोरी बांधलीस. मी खरोखरच तो दोरीने उचलून खुंटीला लावायला गेलो. दोरी एवढी लांब की खुंटीला बांबू अडकला आणि रंधा जमिनीवरच राहिला. मी तसाच बांबूला धरून उभा. तू हरताना एवढं चुकीचं माप घेशील असं काही मला वाटेना. वीतभर दोरी पुरली असती. तू तर हात-दीड हात सोडली होतीस.

तिथे एक फळीही होती. फणसाची, वाकसाने तासून आतून खोलगट केलेली, दोन ओंडक्यांवर घट्ट बांधलेली. सगळं मांडून ठेवलेलं. फक्त सुरू व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी धूड मांडीवर घेऊन फेरीबोटीने पलीकडच्या काठाला गेलो. बोटीत एकाने विचारलं, "मृदंग काय?" एरवी मी त्याला काठ येईपर्यंत सोडला नसता. नुसतं "नाही" म्हटलं. पलीकडे धोंडू मेस्त्री राहतात, लाकडी होड्या बांधणाऱ्यांतले उरलेले शेवटचे. आता सगळ्या फायबरच्या होड्या, त्यांना कोण विचारतो. डोळे गेल्यातच जमा आहेत. मी रंधा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी मुठीवर हात ठेवला, पोटावरून फिरवला, सुंभाला एक हिसडा दिला आणि हसले.

"ह्यो आला काय परत? चालला का मग?"

मी म्हटलं, "तुम्ही ओळखता ह्याला?"

"आत्ता गेल्या म्हयन्यात तर आनलानी न्हवं का त्या इनायकानं. होडीच्या आतल्या अंगाचा रंधा हाय. आत खोलगट असतं तं खाली पोट नको त्येला? त्या पोराचं डोकं बरोबर व्हतं, फकस्त एकटाच रेटीत व्हता अकरा वर्सं. म्हटलं, बाबा, ह्यो दोघांचा हाय. मागचा दाबतो, पुढचा वढतो. भोक कशापायी मग?"

मी बोललो नाही, दादा, याची नोंद घे.

"म्या इचारला त्येला, हाय का कोन पुढं वढायला? आजकाल कोन येतो. तं म्हनाला, हाय माझ्याकडं मानूस. बोलतो लय, पन हाय." मेस्त्रींनी मान माझ्या दिशेने वर केली. "तू काय तो?"

मग मी त्यांना तू गेल्याचं सांगितलं. ते बराच वेळ सुंभाची गाठ चाचपत राहिले. म्हणाले, "गाठ चांगली मारलीय." आणि थोड्या वेळाने, "मला घेऊन चल तिकडं."

त्यांना फेरीबोटीत बसवून, मग रिक्षात बसवून आणलं. येताना सगळी वाट मी एकच गोष्ट मनात उलटीपालटी करत होतो. तुला दुखत नव्हतं. तुला आधार नको होता. तुला माझी गंमत करायची होती. मी यायचं, तू काही न सांगता बांबू माझ्या हातात द्यायचास, "ओढ" म्हणायचंस, आणि अकरा वर्षांचं भांडण एका दमात संपवायचंस. तुझ्या उभ्या जन्मात तू रचलेला हा एकमेव नाट्यप्रवेश, आणि त्यात मला पुढे ठेवलं होतंस. मी तालमीला आलो नाही.

हे कळलं म्हणून हलकं वाटेल असं वाटलं होतं. आजारी माणसाची हाक चुकवली असती तर निदान मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं. मी तर तुझा आनंद चुकवला. त्याचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

मेस्त्रींना पडवीत खुर्ची दिली, माझीच. त्यांनी फळी चाचपली, पातं अंगठ्यावर बघितलं, पाचरेला वरून दोन ठोके दिले. "मागं कोन?"

कुणी नव्हतं. मी गडग्याकडे बघितलं, कुणाला हाक मारावी म्हणून.

"मी धरते," वहिनी म्हणाली. पदर खोचला आणि येऊन उभी राहिली. उजवा तळवा तिने त्या खळग्यात ठेवला. मी बांबू धरला. ओढणाऱ्याचं तोंड दाबणाऱ्याकडे असतं, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे तू मला दिसत राहिला असतास. आयुष्यभर तू माझ्या मागे बसून वाक्यं दिलीस, आणि इथे एकदाच आपण समोरासमोर असणार होतो.

"वहिनी," मी सुरुवात केली, "ह्या ऐतिहासिक प्रसंगी..."

"पुढच्यानं बोलायचं नसतं," मेस्त्री म्हणाले. "वढायचं असतं."

पहिल्यांदा बसला. दुसऱ्यांदा हातभर सरकला आणि बसला. "एका दमात," मेस्त्री म्हणाले. "तिनं दाबलान की वढ. तिच्या हाताकडं बघ." मी वहिनीच्या हाताकडे बघितलं. तळवा खळग्यात रुतला, नखं पांढरी झाली, आणि मी ओढलं.

सर्र.

तोच आवाज, दादा. रोज दुपारचा. वारा नव्हता आणि झापही नव्हता. खाचेतून फणसाच्या लाकडाची पातळ साल वर आली, हळदीसारखी पिवळी, हाताच्या पंजाएवढी रुंद, गुंडाळत गुंडाळत, तुटलीच नाही, थेट फळीच्या टोकापर्यंत. ती वहिनीच्या मनगटावर जाऊन पडली. फळीवर जिथून रंधा गेला तिथे आत उजेड लावल्यासारखं लाकूड दिसत होतं.

मेस्त्री कान देऊन बसले होते. वहिनीने मनगटावरची साल उचलली, वास घेतला, आणि माझ्याकडे न बघता आतल्या दाराकडे तोंड वळवून, तिच्या रोजच्या आवाजात, बोलून गेली:

"अहो, आले बघा भावोजी."